चिंचोळकर काकांची खंडेनवमी

मागच्या आठवड्यात इथे कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या एका टायरच्या दुकानात गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर एक रंगीत तक्ता सरकवला. कुठला विंटर टायर बर्फावर कसा, ओल्या रस्त्यावर कसा, आवाज किती करतो, किती हिवाळे टिकतो, सगळ्याला तारे दिलेले. "टेक युअर टाइम," त्या म्हणाल्या. मी तो तक्ता हातात धरून उभी राहिले आणि मला एक अक्षर वाचता येईना. डोळे भरून आले होते. टायरच्या दुकानात रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांनी घाईघाईने टिश्यूचा खोका पुढे केला आणि किमती पाहून मला भरून आलं असेल असं वाटून एक कूपनही काढून दिलं.

त्यांना काय सांगणार? विनिपेगला मी सात हिवाळे काढले आणि त्या सात वर्षांत टायर कुठले घ्यायचे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ते चिंचोळकर काका ठरवायचे. माझेच नव्हे, विनिपेगमधल्या निम्म्या मराठी घरांचे.

त्यांची आणि आमची पहिली भेट गणपतीतली. निनाद आणि मी जुलैमध्ये नाशिकहून आलो होतो, एक जुनी गाडी घेतली होती, आणि दोघेही स्वतःवर बेहद्द खूश होतो. आरती झाली, प्रसाद झाला. कम्युनिटी सेंटरच्या बाहेर येऊन पाहतो तर आमच्या गाडीपाशी एक म्हातारा माणूस उकिडवा बसलेला. अंगात झब्बा, त्यावर कारखान्यातलं जाड जाकीट, आणि उजव्या हाताचा पंजा आमच्या पुढच्या टायरवर टेकवलेला, वैद्य नाडी बघतात तसा. डोळे मिटलेले.

"एक्स्क्यूज मी, अंकल, काही हरवलंय का?" निनादने विचारलं.

"हे टायर कोणाचे?" गाडी कोणाची, असं नाही विचारलं.

"आमचे."

"किती हिवाळे झाले?"

"हा आमचा पहिलाच हिवाळा आहे काका," मी म्हणाले.

"तुमचे नाही विचारून राहिलो. टायरचे."

निनादने सांगितलं की टायर ऑल सीझन आहेत आणि डीलरच्या मते बारा महिने चालतात. काका गुडघ्यावर हात देऊन उठले. "तो डीलर उणे तीसमध्ये गाडी चालवते का, का घरी बसते? घरी फ्रिज आहे ना तुमच्या? त्यातली पोळी वाकवून पाहिली कधी?"

"तुटते," मी म्हणाले.

"अन् तव्यावरची?"

"वाकते."

"बस. रबराचं तसंच आहे. सात डिग्रीच्या खाली पारा गेला की हे टायर म्हणजे फ्रिजमधली पोळी. विंटर टायरचं रबर निराळं, कितीही थंडी पडो, मऊ राहते. मऊ असलं तं रस्त्याले धरून राहते. कडक असलं तं रस्त्यावरून निघून जाते." मग त्यांनी आम्हाला टायरच्या कडेवर कुठली खूण पाहायची ते सांगितलं, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल. ती नसेल तर दुकानदार काहीही सांगो, घ्यायचा नाही. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी आमची नावं विचारली. ती त्यांच्या लक्षात राहिली नाहीत हे वेगळं सांगायला नको. पुढचं वर्षभर मी त्यांच्या लेखी 'ती गुळगुळीत टायरवाली' होते.

काका अमरावतीचे. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आले आणि बस बनवणाऱ्या एका कारखान्यात ब्रेकच्या विभागात निवृत्त होईपर्यंत राहिले. पन्नास वर्षं परदेशात काढूनही त्यांची वऱ्हाडी तसूभर हलली नव्हती. इंग्रजीसुद्धा ते वऱ्हाडीतच बोलायचे. जन्मभर दुसऱ्याची गाडी थांबवण्याची काळजी केल्यामुळे असेल, पण गाडी किती पळते यात त्यांना काडीचा रस नव्हता. "पळते तं सगळीच," म्हणायचे. "थांबते का, ते सांग."

त्यांच्या घरची खंडेनवमी सगळ्या मराठी विनिपेगमध्ये प्रसिद्ध होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. काकांकडे जॅक, पाने आणि टायर यांची व्हायची. नवमी बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते, आणि विनिपेगचा पाराही नेमका तेव्हाच सातच्या खाली उतरू लागतो. म्हणून काका-काकूंनी इथे आल्यावर कधीतरी ठरवून टाकलं, नवमीला पूजा करायची आणि त्याच दिवशी हिवाळ्याचे टायर चढवायचे. आधी दोघंच करत. मग एक घर आलं, मग चार आली. आम्ही पोचलो तोवर चाळीसेक घरं झाली होती. काकांच्या ड्राइव्हवेवर आणि पुढच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येकाच्या डिकीत चार टायर, गराजमध्ये टेबलांवर मसालेभात आणि कढी. पाच-सहा जण गाड्या उचलत, बाकीचे नट काढत, आणि काका टॉर्क रेंच, म्हणजे नट किती आवळला ते सांगणारा पाना, घेऊन एकेका चाकापाशी जाऊन शेवटचा पीळ स्वतः देत. नट एका ओळीने कधी आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, हे माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी बाईला तिथेच समजलं.

आमच्या पहिल्या नवमीला काकू घरीच होत्या. कुसुमकाकू. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीवर मुलाचं जुनं हॉकीचं जॅकेट घातलेलं. झेंडूच्या कुंड्या त्या सप्टेंबरात थंडी पडायच्या आधीच बेसमेंटमध्ये नेऊन ट्यूबलाइटखाली जगवत, म्हणून त्या दिवशी ताजी फुलं असायची. हातात कुंकवाचा करंडा घेऊन त्या रांगेतल्या पहिल्या गाडीपासून निघाल्या. प्रत्येक टायरला हळद, कुंकू, एक फूल. शेवटच्या गाडीपर्यंत गेल्या, थबकल्या, आणि परत येऊन पहिल्या गाडीपासून पुन्हा सुरुवात केली.

कुणीतरी म्हणालं, "काकू, झालंय ते."

काका गराजमधूनच ओरडले, "लावू दे, लावू दे! डबल ग्रिप होते!" सगळे हसले. काकूही हसल्या. काका मात्र हसत नव्हते, ते त्यांच्याकडे बघत होते. मी तेव्हा नवीन होते, मला काही समजलं नाही.

माणूस म्हणून काका गोड होते असं म्हणवत नाही. चुकणाऱ्याची ते चारचौघांत हजेरी घेत. निनादने पहिल्याच वर्षी हिशेब मांडला की आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर पुढे दोनच विंटर टायर घालू. काकांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "पुढच्या पायात बूट अन् मागच्या पायात स्लीपर घालून चालून दाखव बरं. पुढचे पाय थांबतील, अन् मागचे तुझ्या पुढं निघून जातील." गाडीचंही तसंच होतं, वळणावर पुढचं थांबतं आणि मागचं फिरून पुढे येतं, हे त्यांनी ताटातला समोसा गोल फिरवून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्याकडे चारच्या चार.

पुण्याचा अभिजित त्यांच्या तावडीत सापडला तो प्रकार तर अजून सांगितला जातो. त्याने भलीमोठी एसयूव्ही घेतली होती. "काका, माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे," तो म्हणाला, "मला विंटर टायर्स नीड नाहीत. चारी चाकं पुल करतात."

"ओढतात ना? मान्य," काका म्हणाले. "अन् थांबवते कोण?"

"एबीएस आहे ना."

काकांनी वाद घातला नाही. पहिला बर्फ पडला त्या रविवारी सकाळी ते अभिजितला घेऊन एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेले. बघायला आम्ही होतोच. "त्या टोकाकडे चाल, अन् मी हात वर करीन तेव्हा ब्रेक मार." अभिजितने झोकात गाडी काढली. काकांनी हात वर केला, त्याने ब्रेक दाबला, आणि ती चारी चाकांनी ओढणारी गाडी शांतपणे, कुणाला काही न विचारता, पन्नास फूट घसरत जाऊन बर्फाच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून थांबली. अभिजित उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. काका त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "भेव वाटलं ना? चांगलं झालं. आता टायर घे."

मलाही त्यांनी तिथेच शिकवलं. मुद्दाम घसरायला लावायचे. मी किंचाळून ब्रेक दाबायची, ते शेजारी शांत. "ब्रेक सोड. जिकडं जायचं आहे तिकडं पाह्य. खांबाकडं काऊन पाहून राहिली? खांबाकडं पाहशील तं खांबावरच जाशील." दहा-बारा वेळा घसरल्यावर माझी भीती गेली. माझ्या वडिलांनी मला सायकल शिकवली होती, त्यानंतर इतक्या धीराने मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात काकूंना केअर होममध्ये ठेवावं लागलं. त्या दोनदा घरातून निघून गेल्या होत्या, एकदा चपलेशिवाय. शहरात जागा नव्हती, नाव लावून ठेवलं होतं. मिळाली ती उत्तरेकडच्या एका लहानशा गावात, हायवेने पाऊण तास. कॅल्गरीची मुलगी म्हणत होती, दोघंही माझ्याकडे या. काका म्हणाले, "तिले आता नवीन गाव कुठं शिकवू?"

तेव्हापासून काकांचा दिवस चार वाजण्याभोवती फिरू लागला. मऊ भात, वरण, वर तूप, एखादं लोणचं धुऊन घेतलेलं, असा डबा भरायचा, तीनच्या आत निघायचं, चारला पोचायचं, काकूंना हाताने भरवायचं आणि सहाला परतायचं. रोज. तिथल्या नर्स सांगत की काकूंना घड्याळ वाचता येईनासं झालंय, पण चार वाजत आले की त्या आपसूक जेवणघरातल्या खिडकीशी येऊन बसतात. मुलांची नावं गेली होती, अमरावती येत-जात होती, पण काकांना पाहिलं की "आलात?" म्हणायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसत.

त्या हायवेला दोन्ही बाजूंना नुसती सपाटी आहे. वारा सुटला की रस्त्यावरून पांढरं काहीतरी वाहत असतं आणि त्याखाली काचेसारखा बर्फ. काकांनी स्वतःच्या गाडीला खिळ्यांचे टायर घेतले. वादळाचा अंदाज असला तर ते आदल्या दिवशीच जाऊन त्या गावातल्या मोटेलमध्ये मुक्काम करत, म्हणजे हायवे बंद झाला तरी ते बर्फाच्या अलीकडे नाही, पलीकडे असत. दोन हिवाळे एक दिवस चुकला नाही. मी एकदा म्हटलं, "काका, एखादा दिवस नाही गेलात तर काकूंना कळणारही नाही." मला वाटलं मी त्यांना समजावतेय. ते डब्याचं झाकण घट्ट करत राहिले.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातंय.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. सगळे सण पुढे ढकलले गेले आणि नवमी ऑक्टोबर संपत आला तेव्हा पडत होती. नवमीची सगळी व्यवस्था आता माझ्याकडे होती. व्हॉट्सॲप ग्रुप, कोण काय करून आणणार त्या पोटलकची यादी, काकूंच्या कुंड्या आता नव्हत्या म्हणून झेंडूची ऑर्डर, मुलांसाठी गोष्ट. मी ते फार हौसेने करायची. नवमीच्या दोन आठवडे आधी काकांचा फोन आला.

"केतकी, पारा सातच्या खाली उतरून राहिला. चार दिवसांपासून पाहतो. या वर्षी नवमीची वाट नको पाहू. येत्या शनिवारी करून टाकू."

"काका, असं कसं? सगळ्यांनी सुट्टी अप्लाय केलीये. झेंडू त्याच दिवशी येणार आहे. आणि नवमीला नाही केलं तर मग नवमी कसली?"

"थंडी पंचांग पाहत नाही ना बाप्पा."

"फोरकास्ट पाहिला मी. नुसता पाऊस आहे."

ते म्हणाले, "बरं. निदान माझे तरी चढवून दे. निनादले घेऊन ये. मले या खांद्यानं आता चाक उचलत नाही."

मी हसले. खरंच हसले. "काका, तुमचेच आधी चढले तर पूजा कुणाची करायची? यजमानाची गाडी नको का रांगेत पहिली? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बरं बाई," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं." आयुष्यात त्यांनी टायरच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकलं ते तेवढ्या एकाच वेळी, आणि ते माझं.

पाचव्या दिवशी सकाळी पाऊस लागला. दुपारी बारा वाजता त्याचा बर्फ झाला, ओला, जड, झाडांवर अजून पानं होती ती फांद्यांसकट मोडणारा. काका दोन वाजताच निघाले. शहराबाहेर हायवेवर चढायच्या वळणावर गाडी दोनदा गोल फिरली आणि खड्ड्यात गेली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गाडी ओढणारा ट्रक यायला दोन तास लागले, तोवर ते डबा मांडीवर घेऊन आत बसले होते. टॅक्सीवाले शहराबाहेर यायला तयार नव्हते. घरी येऊन त्यांनी मला फोन केला, रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "कोणाच्या गाडीले विंटर टायर आहेत का गं?"

मी ग्रुपवर विचारलं. चाळीस घरं. काकांनी शिकवून तयार केलेली चाळीस घरं, आणि एकाही गाडीला विंटर टायर चढलेले नव्हते. सगळे नवमीसाठी थांबले होते. आमच्या शेजारच्या फिलिपिनो बाईने ते महिन्याच्या सुरुवातीलाच चढवले होते, ना पूजा ना मसालेभात. मी तिच्याकडे धावत गेले तर ती कामावर गेलेली.

रात्रीतून सगळं गोठलं. दुसऱ्या दिवशी हायवे बंद, आणि ओढून नेलेली काकांची गाडीही वर्कशॉपमधून संध्याकाळीच परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उघडला तेव्हा निनाद आणि मी काकांच्या गराजमध्ये त्यांचे टायर चढवत होतो. बोटं बधिर झाली होती. शेवटचा पीळ काकांनीच दिला, चारी चाकांना. मी सवयीने कुंकवाची डबी काढली. ते म्हणाले, "राहू दे. आधी जाऊ." मी त्यांच्याबरोबर गेले.

काकू खिडकीशीच होत्या. नर्सने सांगितलं, दोन दिवस त्या तिथून हलल्या नाहीत, ताट समोर ठेवलं तर दूर सारत होत्या. काका बर्फाचे बूट काढून मोजे ओले करत तसेच पुढे गेले. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मी "आलात?" ऐकायला कान टवकारून उभी होते.

"तुम्ही कोण हो?" काकूंनी विचारलं. अगदी अदबीने.

काका शेजारच्या खुर्चीवर टेकले. "मी चिंचोळकर," ते म्हणाले. "अमरावतीचा."

"हो का? म्हणजे आमच्याकडचे निघाले तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या बाईने त्यांच्याबरोबर चोपन्न वर्षं संसार केला होता. काकांनी डबा उघडला, "आमच्या घरचं वरण आहे, खाऊन पाहता का जरा?" असं म्हणत पहिला घास पुढे केला, आणि काकूंनी संकोचत तो घेतला.

परतताना मी गाडीत हमसून हमसून रडले. माझ्यामुळे झालं, मी म्हणत होते, माझ्या मेल्या पूजेमुळे. काकांनी डीफ्रॉस्ट वाढवला. "रडू नको, काच धुकटून राहिली," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "डॉक्टर म्हणालेच होते, या हिवाळ्यात होईल. ते व्हायचंच होतं, पोरी. तू काय अन् नवमी काय." मला बरं वाटावं म्हणून ते बोलत होते आणि मला बरं वाटूही लागलं होतं. शहराचे दिवे दिसायला लागल्यावर ते पुन्हा बोलले, पण माझ्याशी नाही. "पण दोन दिवस तिनं वाट तं पाहिली असेल ना."

त्या वर्षीची नवमी झाली. काका ड्राइव्हवेवर आले, प्रत्येकाचे नट तपासले, मसालेभात खाल्ला, कुणाचीही हजेरी घेतली नाही. मी पुढच्या वर्षी स्वतःहून ग्रुपवर लिहिलं, 'पारा सातच्या खाली गेला की टायर. नवमीला फक्त पूजा आणि जेवण.' काकांनी त्याला अंगठा पाठवला. त्यांनी मला माफ केलं होतं हे मला माहीत आहे. मी स्वतःला अजून नाही केलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. मध्यभागी डाग दिसतो, म्हणाले, कडेचं दिसते. लायसन्स जायची वाट न पाहता गाडीची किल्ली स्वतःच माझ्या हातात ठेवली. मला वाटलं होतं, आता हा माणूस खचणार. त्यांनी फक्त विचारलं, "मंगळवारी कोण मोकळं आहे?" ग्रुपवर पाळ्या लागल्या. सोमवारी एक, मंगळवारी मी, बुधवारी अभिजित, शनिवारी पुन्हा मी. पाळी लावायच्या आधी काका प्रत्येकाचे टायर हाताने चाचपून पाहायचे, आणि दोघांना त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्या दोघांनी आठवड्याच्या आत नवे टायर घेतले.

मंगळवार आणि शनिवार हे माझे विनिपेगमधले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही. काका शेजारी बसून रस्ता ऐकत असायचे. "आता बर्फ लागला," म्हणायचे, "आता डांबर." समोरचं तर काही दिसत नव्हतं. मग अमरावतीच्या सिनेमा थिएटरांच्या गोष्टी, कारखान्यातल्या युक्रेनियन फोरमनच्या गोष्टी, काकूंनी पहिल्या हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत घातले आणि ते लाकडासारखे उभे राहिले ती गोष्ट. माझे आईवडील दोघंही मी इथे असताना गेले. फोनवर गेले म्हटलं तरी चालेल. काकांच्या शेजारी त्या पाऊण तासात मला कुणाची तरी मुलगी असल्यासारखं वाटायचं. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता त्याचा उपयोग नाही.

मग निनादला इकडे ग्वेल्फला नोकरी लागली. आम्ही भर फेब्रुवारीत विनिपेग सोडलं. जूनमध्ये काका झोपेतच गेले. अभिजितचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या रांगेत होते, सामान तसंच सोडून बाहेर आले. काकू अजून आहेत, तिथेच. पाळ्या चालू आहेत, काकांशिवाय. माझे दोन दिवस अभिजितने घेतले. डबा त्याची बायको करते आणि तूप वरून घालायला विसरत नाही असं तो मला दर वेळी आवर्जून सांगतो.

माझा शेवटचा शनिवार मला अजून लख्ख आठवतो. आम्हाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, बांधाबांध बाकी होती, म्हणून मी काकांना पोचवून लगेच परतणार होते आणि त्यांना आणायला अभिजित जाणार होता. वारा होता, हायवेवर ठिकठिकाणी बर्फ लोटून आला होता, मी सावकाश चालवली आणि आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला. मी काकांचा हात धरून त्यांना आतपर्यंत नेलं. निरोपाचं मी काय काय ठरवलं होतं, पण नुसता वाकून नमस्कार केला. "नीट जा," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून लगेच काढला, कारण त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं.

काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या. काका चाचपत त्यांच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत गेले. काकूंनी पाहुण्याला द्यावी तशी जागा दिली, आपली शाल आवरून घेतली.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "आमचे हे येतीलच आता. चारला येतात रोज. आज उशीरच झाला पाहा."

मी दारातच थबकले. काकांनी डबा मांडीवर घेतला.

"येतील ना," ते म्हणाले. "रस्ता खराब आहे आज. पण येतील. नक्की येतील."

मी बाहेर पार्किंग लॉटमध्ये येऊन गाडीवरचा बर्फ झाडला आणि निघण्याआधी मागे वळून पाहिलं. खिडकीत दोघं शेजारी शेजारी बसली होती, आणि दोघंही रस्त्याकडे डोळे लावून त्यांची वाट पाहत होती.